वाढून घेणार नाही

—नाही हो दादा, मला कुणी बोललं नाहीये, आणि मीही कुणावर रुसून बसलेली नाहीये. तुम्ही आपलं झाडांना पाणी घाला. मी पायरीवर बसलेय म्हणून तुम्हाला नळी वळसा घालून न्यावी लागतेय — थांबा, पाय वर घेते. हां, न्या आता. काय म्हणालात? जेवणं? चाललीयेत ना आत. ऐकू येतंय की! चार कुटुंबं एका घरात म्हटल्यावर आवाज होणारच — आम्ही दोघं, माझे दोन दीर बायकामुलांसकट, आणि नणंदेकडची सगळी. दर सुट्टीत हेच घर भाड्यानं घेतो आम्ही. तुम्ही माळी म्हणून यंदाच लागलात, नाहीतर तुम्हाला माहीत असतं या वेळेला मी कुठं सापडते ते. त्या खिडकीच्या आत. गॅसपाशी. बाकीचे तळ्यावर जायचे, मावळतीचे फोटो काढायचे, आणि मी ते तळं बघायचे भाताच्या वाफेतून. पण वाईट नाही वाटायचं हो, अजिबात नाही. ओल्या केसांनी पोरं आत यायची, काकू वाढ, मामी वाढ — आणि मी वाढायचे. पोट भरलं म्हणणाऱ्याला आणखी एक डाव कसा घालायचा, ते मला विचारा. ताटावर आडवा हात धरला ना, तर बोटांच्या फटीतून घालते मी.

पण यंदा कायदा बदललाय. धाकट्या जावेचा कायदा. ती ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, मी तिला मॅनेजरीण म्हणते — तोंडावरच म्हणते, हसते ती. निघायच्या आधीच तिनं सगळ्यांना कळवलं, यंदा वहिनींनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, यंदा सोपी जेवणं. रोज एका घराची पाळी, एकच मोठं भांडं शिजवायचं, ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं, शेजारी ताटांची चळत, आणि ज्यानं त्यानं आपलं वाढून घ्यायचं, ज्यानं त्यानं आपलं ताट धुवायचं. परवा सूप आणि पाव. काल उकडलेले बटाटे, आणि त्यावर घालायला वाट्यावाट्यांत काय काय मांडलेलं — चीज, मका, कांदा — हवं ते घ्या. आज भाज्या आणि भात, एकाच ट्रेमध्ये भाजलेलं. आणि खरं सांगू का? पद्धत चांगली आहे. मी काही नावं ठेवणारी बाई नाही. कुणी दमत नाही, कुणी कुरकुरत नाही, माझा मधला दीर — ज्याला आपला रुमाल सापडत नाही — त्यानं काल इतक्या माणसांचे बटाटे उकडले! मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, घर सुधारलं.

मग मी बाहेर का? हां, तेच तर. तेच सांगायचं नाहीये. नेम आहे माझा, आणि नेम बोलून दाखवायचा नसतो. बोललं की पुण्य हवेत जातं. पण तुम्ही परके — परक्याला सांगितलं तर मोडत नाही. निदान मी तरी तसंच धरते. आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय आजची रात्र निघायची नाही, इतकी भूक लागलीये मला.

हो, भूक. दिवसा चालतं हो — फळ, दूध, दुपारचं काहीबाही, त्याला अडकाव नाही. रात्रीच्या जेवणाचा नेम आहे. असं बघा, मी जन्मभर नेम करत आलेय. पोराच्या परीक्षेला गोड सोडलं, सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी मीठ सोडलं. सोडायचं तर आवडीचं सोडावं, नाहीतर त्याला अर्थ नाही — कारलं सोडणाऱ्याला देव हसतो. तर यंदा आमच्या ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. आत नेलं, दार बंद झालं, आणि मी बाहेर बाकावर. आता काय सोडू? गोड? गोडाचं काय एवढं! ह्या माणसाच्या बदल्यात देवाला द्यायचं तर काहीतरी जड द्यायला हवं. मग विचार केला, मला सगळ्यांत आवडतं काय? वाढायला. आणि कुठं? ह्या घरात, सगळी एकत्र असताना. म्हटलं, देवा, हे पायांनी चालत घरी येऊ देत, सुट्टीभर रात्री मी एकाही ताटात काही वाढणार नाही. कुणाच्याही. माझ्यासुद्धा. कुणी आपणहून मला वाढून दिलं तर खाईन, नाहीतर उपाशी निजेन. मागायचं नाही, सुचवायचं नाही, ताटाकडे बघत उसासे टाकायचे नाहीत.

मला काय माहीत मॅनेजरीण नेमका ह्याच वर्षी कायदा काढेल! ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं म्हटल्यावर कोण कुणाला वाढतंय? पहिल्या रात्री मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, हात मांडीवर. माझ्यासमोरून सगळे वाडगे भरून नेताहेत. नणंद तर पाव चावत चावत म्हणाली, "वहिनी, तुला असं निवांत बसलेलं बघूनच पोट भरतं बघ!" म्हटलं, तुझं भरतं ना, भरू दे. आणि मॅनेजरीण — ती मायेचीच आहे हो — भांडी आवरताना म्हणाली, "वहिनी, झालं ना तुमचं जेवण?" आता "झालं ना" असं विचारल्यावर "नाही" कसं म्हणायचं? त्या विचारण्यातच उत्तर बसलेलं असतं, पाट मांडून. मी म्हटलं, "माझं काय गं!" तिला वाटलं झालं. काल बटाट्यांच्या रात्री तेच. आज म्हटलं, आत बसून त्यांच्या घासांकडे बघण्यापेक्षा बाहेर बसावं. आणि बसणार. सुट्टी संपेपर्यंत बसणार! अशी तशी नाहीये मी, चार माणसं मला गरीब समजतात तो त्यांचा प्रश्न.

काय? तुमचा डबा? — अहो नाही, नको! नको म्हणतेय ना, झाकण लावा त्याचं. मन चांगलं आहे तुमचं, पण आता मी सांगितल्यावर विचारलंत तुम्ही. ते धरत नाही. आणि तुम्हाला घरी जायला उशीर होणार, तुमच्या तोंडचं मी काढू? लावा झाकण.

हट्टी म्हणा. म्हणा की! नेम म्हणजे दुसरं काय असतं, देवाच्या नावानं केलेला हट्ट. आणि आता बोलतेच आहे तर सगळंच बोलते — त्या बाकावर माझ्या मनात नुसतं ऑपरेशन नव्हतं. सकाळपासून मी तिथं होते. दीर आले, जावा आल्या, नणंद आली, प्रत्येकानं विचारलं, दादा कसा आहे, डॉक्टर काय म्हणाले, पुढं किती दिवस. एकानंही विचारलं नाही, तू काही खाल्लंस का. दुष्ट नाहीत हो ती. त्यांच्या डोक्यातच येत नाही. पाणी देणाऱ्या नळाला कुणी विचारतं का, तुला तहान लागली का? शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईनं आपल्या डब्यातलं अर्धं काढून माझ्या पदरात — हातात ठेवलं. न विचारता. आणि मी, जिनं आयुष्यभर माणसांना जेवू घातलं, मी तो घास हातात धरून रडायला लागले. वाढलेलं ताट कसं दिसतं तेच मी विसरले होते, दादा. तेव्हा म्हटलं, देवा, हे नवऱ्यासाठी, पण थोडं माझ्यासाठीपण. बघायचंय मला. मी हात आवरला तर कुणाचा पुढं येतो का, एवढंच बघायचंय. फसवलं का मी देवाला? नाही. त्याला दोन्ही कळलं असणार. त्यानं नवरा परत दिला — म्हणजे सौदा त्याला मंजूर आहे.

आमचे हे? ते नाही विचारणार. त्या माणसानं लग्नापासून आजवर स्वतःचं पाणीसुद्धा घेतलं नाहीये, ते माझ्या ताटाचं काय बघणार! मला तर ह्यांचाच खरा राग आहे. परवा म्हणाले, "मला आज भूक नाही." काल म्हणाले, "प्रवासानं पोट जड आहे." छान! बायको सूप घेतेय की नाही हे बघायच्या आधीच झोपायला —

काय म्हणालात?

केळी? कुठं, टाकीमागं? सकाळी? आणि कालही? तुमच्याकडं मागितली ह्यांनी? "कुणाला सांगू नका" म्हणाले? …थांबा, मला हसू येतंय. नाही, हसू नाही. अहो, म्हणजे तेही उपाशी! वाढून घ्यायचं म्हणजे काय करायचं, हेच त्यांना माहीत नाही — आणि एवढ्या भावाबहिणींत डाव धरताना सांडलं, तर लाज! म्हणून भूक नाही. ऑपरेशन झालेला माणूस टाकीमागं उभा राहून केळी खातोय, आणि मी इथं त्याच्या नावानं उपाशी! देवा, तुझी पण कमाल आहे रे — ज्याच्या जिवासाठी नेम, तोच नेमानं उपाशी मरायला लागला तर मी कुणाकडं दाद मागू?

उठते मी. उठायलाच हवं. चार घास घालते पुढ्यात, मग नेम मोडला तर मोडला, पाप माझ्या —

नाही.

नाही उठणार. का उठू? उठले की संपलं. उद्या पुन्हा मीच, परवा पुन्हा मीच, आणि हे मरेपर्यंत "भूक नाही" म्हणत बसतील, मी नसले की. आणि मी आधी गेले तर? जावा काय रोज बोटांच्या फटीतून वाढणार आहेत? नाही दादा. मी इथंच बसणार. तुम्ही जरा सरका, खिडकीतून दिसतंय का बघू — दिसतंय. बसलेत टेबलाशी. समोर रिकामं ताट. बघा कसे बसलेत, शाळेत धडा न आलेल्या पोरासारखे. मॅनेजरीण काही तरी म्हणतेय त्यांना. नको गं बाई. हात लावू नकोस तू, तुझ्या कायद्याची शपथ आहे तुला, तुझा कायदा तूच मोडू नकोस — गेली. बरं झालं. उठले! दादा, हे उठले! डाव उलटा धरलाय, असा नाही हो, अहो असा — सांडलं. सांडू दे. टेबल पुसता येतं. पुन्हा घातलं. भाज्यांतला बटाटाच सगळा, वेचून वेचून. आणखी किती? एवढं ह्यांना सोसणार आहे का, डॉक्टरांनी काय सांगितलंय… नाही, मी काही बोलत नाहीये. घेऊ दे. आपल्यापुरतं घेतलं, तेवढं शिकले तरी माझा नेम फळला. मी निजेन उपाशी, मला सवय आहे.

बसत का नाहीत खाली? उभेच राहिलेत. काय शोधताहेत? मीठ असेल. मीठ वर्ज्य आहे त्यांना! — नणंदेला विचारताहेत. ती वर बोट दाखवतेय, जिन्याकडं. निघाले जिन्याकडं ताट घेऊन. काखेत कळसा आणि गावाला वळसा… दादा, ताट घेऊन वर कशाला चाललेत हे? वर कोण आहे? वर तर कुणीच नाही. वर आमची खोली.

हाक मारायची नाही. मारायची नाही मी. तुम्हीही मारू नका, तुम्हाला माझी शपथ. सापडायचं तर आपणहून.

उतरले. भात सांडतोय पायऱ्यांवर, दोन्ही हातांत धरलंय तरी. आता ह्या दाराकडं बघताहेत.

नळी बंद करा, दादा, आणि जा तुम्ही घरी. नाही, काही सांगू नका त्यांना, केळ्यांचंही नाही. जा. मला जेवायचंय.