वेंडल साहेबांच्या हातून बंदूक पडली त्याबद्दल

रुस्ताक पोलीस ठाणे, दि. ११ नोव्हेंबर २०१७, सकाळी १०.१५

मी कृष्णकांत तुकाराम साळवी, वय ४७ वर्षे, धंदा ड्रायव्हर, सध्या राहणार बरका, मूळ तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. समक्ष हजर राहून सांगतो की, माझे अरबी कामापुरते आहे, म्हणून मी मराठीत बोलत आहे आणि दुभाषी रशीदभाई, मूळचे श्रीवर्धनचे, ते अरबीत सांगत आहेत. ही मराठी प्रतही तेच लिहीत आहेत. मी बोलतो तसेच लिहा, उगाच गुळगुळीत करू नका, असे मी त्यांना सांगितले आहे.

काल जागेवर पोलिसांनी मला विचारले तेव्हा मी 'साहेबांना उन्हाने चक्कर आली' असे सांगितले. ते खोटे आहे. माझी पाचावर धारण बसली होती, तोंडाला आले ते बोललो. आज सकाळी कंपनीच्या माणसाकडून कळले की साहेबांचा पासपोर्ट ठाण्यात जमा आहे आणि बंदूक फेकून अपमान केल्याची तक्रार कायम राहिली तर त्यांना नोकरी सोडून अमेरिकेला परत जावे लागेल. म्हणून आपण होऊन आलो.

वेंडल ग्रीअर साहेब, वय ५२, आमच्या कंपनीत पाण्याच्या पंपांचे इंजिनियर आहेत. अमेरिकेत अलाबामा म्हणून राज्य आहे, तिथले. वर्णाने काळे. हे लिहू का, असे रशीदभाईंनी विचारले. लिहा म्हटले, कारण त्याशिवाय पुढचे कोणाला कळायचे नाही. मला तर त्यासकटही धड कळलेले नाही. तीन वर्षे मी त्यांची गाडी चालवतो. माणूस शांत, वेळेचा पक्का, माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही.

तक्रारदार हमूद यांच्या बागेत आम्ही पंप बसवला होता. काल शुक्रवारी त्यांच्या मुलाचे लग्न होते आणि साहेबांना खास बोलावणे होते. आम्ही बरक्याहून दुपारी १.३० वाजता निघालो. निघतानाच साहेबांनी विचारले, "तिथे बंदुका असतील का?" मी म्हटले, असतील, पण जुन्या, गोळी नसलेल्या. इकडे बंदूक म्हणजे घरचा दागिना, नाचात मिरवायची.

मग वाटेत त्यांनी जे सांगितले ते मी काल लपवले, कारण ते त्यांच्या घरचे होते. खरे तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे कोणाला सांगावेसे वाटले नाही. त्यांच्या आजोबांनी मतदानासाठी नाव नोंदवले, त्यावरून गोरी माणसे रात्री गाड्या भरून घरावर यायची. आजोबा दारात बंदूक घेऊन बसायचे. एकदा त्यांनी हवेत बार काढला, पुन्हा कोणी आले नाही. त्यांच्या देशात बंदूक ठेवायचा हक्क कायद्यातच आहे म्हणे. पण पुढे एका राज्यात काळी माणसे उघडपणे बंदुका घेऊन विधानभवनात गेली, तेव्हा तिथल्या पुढाऱ्यांनी घाईघाईने कायदा कडक केला.

साहेबांचा धाकटा भाऊ एका गोदामावर पहारेकरी होता. बंदुकीचा परवाना होता. दोन चोर शिरले, त्याने त्यांना बंदूक दाखवून भिंतीशी उभे केले आणि स्वतःच पोलिसांना फोन केला. पोलीस आले. चोर कोण हे विचारायच्या आधी त्यांनी भावाला गोळी घातली. मी साहेबांना म्हटले, बंदुकीने आजोबा वाचले आणि बंदुकीपायी भाऊ गेला, मग ती चांगली की वाईट? साहेब म्हणाले, "तू समोर रस्ता बघ."

आम्ही ३ वाजता पोहोचलो. अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर ढोल सुरू झाले आणि पुरुष ओळीने नाचू लागले. हमूद यांनी आपल्या आजोबांची बंदूक साहेबांपुढे धरली. साहेबांनी दोनदा हात जोडून नको म्हटले. मी शहाण्यासारखे मध्ये पडलो आणि सांगितले, घ्या, नाहीतर यजमानांना वाईट वाटेल, पाहुण्याला याहून मोठा मान नाही. तेव्हा घेतली. आधी दुसऱ्याचे तान्हे मूल धरावे तशी धरली. मग नाचातल्या म्हाताऱ्यांनी खांद्यावर कशी टेकवायची ते दाखवले, साहेब हसले, पायाने ठेकाही धरला. त्यांना तसे हसताना मी तीन वर्षांत पाहिले नव्हते. म्हणाले, "फोटो काढ, आईला पाठवतो." तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, वेळ ४.५२.

जेवण थांबले होते, कारण हमूद यांचे धाकटे भाऊ नासिर यायचे होते. ते पोलिसात आहेत आणि ड्युटीवरून थेट येणार होते. मी सकाळपासून चहा आणि दोन खुबूस रोट्यांवर होतो. इतक्यात त्यांची पोलिसांची जीप वळताना दिसली आणि मला आनंद झाला. आता ताटे वाढतील म्हणून मी साहेबांच्या मागून मोठ्याने ओरडलो, "साहेब, पोलीस! पोलीस आले!"

काल मी हे सांगितले नाही. आज सांगतो, ओरडलो तो मीच.

साहेबांनी बंदूक सोडली. तिचा दस्ता दगडावर आपटून फुटला. ते गुडघ्यांवर बसले, मग मातीत पालथे झाले आणि दोन्ही हात मानेमागे बांधून इंग्रजीत तेच तेच म्हणू लागले, "बंदूक माझी नाही. माझे हात रिकामे आहेत." लोकांना वाटले नाचातलाच काही प्रकार आहे, ते हसले. मग ढोल थांबले. नासिर यांच्या हातात हलव्याचा डबा होता. तो खाली ठेवून ते साहेबांना उठवायला वाकले, त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा साहेब जे ओरडले ते मला लिहून देता येत नाही.

मला विचारण्यात आले की, पोलिसाला पाहून जमिनीवर झोपणारा माणूस फरारी गुन्हेगार नसेल कशावरून? मी सांगतो की तसे काही नाही. या माणसाने कधी लाल सिग्नल तोडू दिला नाही. मला विचारण्यात आले की, बंदूक अपमान करण्यासाठी फेकली का? नाही. ती घ्यायलाही ते तयार नव्हते, मी भरीस घातले. करायला गेलो एक आणि झाले भलतेच. नासिर भला माणूस आहे आणि साहेबही भला माणूस आहे, मग एवढ्या दिवसाउजेडी, लग्नाच्या मांडवात, कोण कोणाला घाबरले हे मला अजून उमगत नाही. दोष लावायचा तर माझ्या तोंडाला लावावा. साहेबांना परत पाठवू नये.

रशीदभाई हे सर्व अरबीत सांगत असताना तक्रारदार हमूद समोर बसून ऐकत होते.  ऐकून झाल्यावर अधिकाऱ्यांना म्हणाले, "बंदूक सुतार नीट करील. माझी तक्रार नाही." आणि मला विचारले, "त्या भावाचं नाव काय? दुआ नाव घेऊन मागतात."

मला माहीत नव्हते. कालही मी विचारले नव्हते. मला लाज वाटली. सहीच्या आधी परवानगी घेऊन मी बाहेर गेलो. चौकशीला बोलावलेले साहेब तिथे बाकावर दोन्ही पंजे गुडघ्यांवर उघडे ठेवून बसले होते. कशाला हवे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी नाव सांगितले, वयही सांगितले.

नाव: रेजिनल्ड ग्रीअर. मृत्यूसमयी वय ३१ वर्षे. तक्रारदारांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि डोळे मिटले.

हा जबाब रशीदभाईंनी मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. नाव मागाहून घातले आहे, तेही बरोबर आहे.