शेवटचं नाव

आमचं मूळ गाव देवगाव रंगारी, पण मी जन्मले इथंच शहरात. कबरस्तानाच्या भिंतीला लागून अब्बांचं दुकान व्हतं, दुकान कसलं, वर चार पत्रे आन खाली काळा दगड. अब्बा कतबे कोरायचे, कबरीवरचे नावाचे दगड. त्यांना पोरगा नव्हता, मग छिन्नी माझ्या हातात आली. उर्दू अब्बांनी शिकवली, मराठी शाळेनं, आन मी शकिला दोन्ही लिपीत ठोकायला लागले. लोक हसायचे, बाईमाणूस दगड फोडतंय म्हणून. हसू द्या, दगडाला कुठं कळतंय बाई का बाप्या!

काय सांगू तुम्हाला, एवढे दगड कोरले, पण त्या एका दगडासारखं काम नाय. कन्नडच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत एक खेडं हाये. ढगफुटी झाली, भर दुपारी तळ्याचा बांध फुटला, वढ्याकडची सगळी आळी वाहून गेली. एकोणीस माणसं. वर्सभरानं सरपंच आले, म्हणाले आपा, एकच मोठा दगड करा, सगळ्यांची नावं एका मापाची, कुणाचं मोठं नाय कुणाचं बारीक नाय. मी म्हटलं लई खरं बोललात, द्या यादी. वाचत गेले, आन शेवटाला नावाच्या जागी लिहिलेलं काय, तर ‘एक तान्हं बाळ’.

अठरा नावं कोरली आन छिन्नी थांबली. मला ते कोरवंचना. फोन लावला, म्हटलं हे काय नाव हाये का? सरपंच म्हणाले आठ दिवसांची पोर, बारसंच झालं नव्हतं, काय लिहायचं? मी म्हटलं तिच्या आईला विचारलं का? तर म्हणाले, ते कुणी विचारायचं?

मग एस्टीनं मीच गेले. तिची आई रुक्मिण, कवळी पोर, नव्या पत्र्याच्या खोलीच्या दारात जवारी निवडत बसलेली, त्या दिवसापासून कुणाशी बोलतच नव्हती. सासू म्हणाली मेलेल्या लेकराचं नाव कुणी ठेवतं का, अपशकून हाये, चहा घ्या आन जा. मी चहा घेतला, पण गेले नाय. रुक्मिणीच्या सुपातली जवारी निवडू लागले. अर्धं सूप निवडून झालं तव्हा ती खाली बघतच म्हणाली, नाव व्हतं. पोटात व्हती तव्हाच ठेवलं व्हतं, कुणालाच सांगितलं नाय, मालकालाबी नाय. प्राजक्ता.

या अल्ला, अंगावर काटाच आला! आन वर हसूबी, कारण अशा नावात दोन जोडाक्षरं, क्त कोरताना दगडाचा कपचा उडतोच उडतो. घरी येऊन चार दिवस फरशीवर कोळशानं नुसतं क्त काढलं. मग कोरलं. कपचा नाय उडाला, सांगते तुम्हाला!

दगड ट्रॅक्टरनं नेला, उभा केला, आख्खं गाव जमलं, हार झाले, भाषणं झाली. तेवढ्यात त्या तान्ह्या पोरीची आत्या, गारखेड्याला दिलेली, पुढं झाली, गुडघ्यावर बसली, शेवटच्या नावाला तोंड लावलं आन मोठ्यानं म्हणाली, कुर्र, प्राजक्ता! बारशाला आत्या लेकराच्या कानात म्हणते ना, तसंच. सासू उठली. मला वाटलं आता भांडण. तर तिनं आत्याच्या पाठीत धपाटा घातला, बारशाला घालतात तसा! मग सगळ्या बाया धावल्या, धपाधप, धपाधप, रडतबी व्हत्या, हसतबी व्हत्या, आन रुक्मिणीनं पदराखालून डबा काढला. घुगऱ्या! कुणाला न सांगता शिजवून आणल्या व्हत्या, आन वर्सभर न बोललेली ती बाई वरडून वरडून सांगत व्हती, घ्या, घ्या की समद्यांनी, मव्ह्या लेकीच्या बारशाच्या हायेत.

पहिली मूठ तिनं मला दिली.

आता माझे हात कापतात, अक्षरं मशीन कोरतं, चांगली कोरतं, मी नुसती बसून बघते. अल्ला करो, असं काम करून घ्यायची पाळी कुण्या गावावर न येवो. आन आलीच, तर त्या गावासारख्या बाया तिथं असोत.