पायरीपाशी वाकलेली रेघ

संघप्रिया : बाई, पाय बाजूला घ्या ना. चुन्याची रेघ तुमच्या चपलेवर पडून राह्यली.

रहमतबी : पडू दे. ही पायरी उखडायची नाही.

संघप्रिया : पडीक जागेची बाग कशी करायची, ते मोहल्ल्यानं ठरवलं. चालाचा रस्ता गोल पाहिजे म्हणून सगळ्यायनं हात वर केले. तुमचाबी होता.

रहमतबी : बागेसाठी होता. रस्ता माझ्या पायरीवरून जाणार, हे कोणी विचारले होते? चौथीत माझ्या वर्गात होतीस, तेव्हाही न विचारता रेघ ओढायचीस.

संघप्रिया : घर पाडून चार वर्षं झाली, बाई. तुम्ही आता तिकडे फ्लॅटात राहता. इथी कोण बसते?

रहमतबी : सुकरी बसायची. गोंडपिपरीकडच्या जंगलातल्या गावाची. दर उन्हाळ्यात चारोळीची टोपली घेऊन बल्लारपूरला यायची. बावीस वर्षे. दारावरची नावाची पाटी तिला वाचता येत नाही. घराला नवा रंग दिला, की पुढे निघून जायची. मग ही पायरी पाहून परत फिरायची.

संघप्रिया : मग काऊन नाई येत?

रहमतबी : लोणच्यासाठी कैऱ्या आण, असे मी बजावले होते. तिने आणल्या नाहीत. गावात आंब्याची पूजा झालेली नाही, त्याआधी आम्ही तोडत नाही, म्हणाली. मला ती सबब वाटली. म्हटले, रिकाम्या हाताने माझी पायरी चढू नकोस.

संघप्रिया : अन् ते खरं होतं.

रहमतबी : खरे होते. पुढच्या वर्षी बाजारात तिच्या गावच्या बाईने सांगितले. तिच्याच हाती निरोप पाठवला, ये म्हणून. महिन्याभरात घर पाडले गेले. ती आली असेल, तर कुठे उभी राहिली असेल?

संघप्रिया : (चुन्याचे घमेले खाली ठेवून) त्यायचं वय किती असन?

रहमतबी : माझ्याहून मोठी. हिशेब करू नकोस.

संघप्रिया : रस्ता इथून थोडा वळवते. पण लोकं विचारतील, गोल वाकडा काऊन झाला.

रहमतबी : बाईंनी वाकवायला लावला, म्हण. पुढे कोणी विचारणार नाही.

संघप्रिया : बाजूला एक बेंच टाकू?

रहमतबी : बेंचवर ती बसायची नाही.

संघप्रिया : अन् मी झाडाले पाणी द्यायले आली, अन् त्या बसलेल्या दिसल्या तर?

रहमतबी : आधी तिला पाणी दे. मग मला बोलाव. टोपलीत काय आणले, ते विचारू नकोस.