चेस्टनटची उघडी बाग

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं नंबरासाठी थांबली होती. चेस्टनटच्या बागेचा मालक नेवियो आणि गावातली म्हातारी एर्सिलिया.

"नेवियो, यंदाचे चेस्टनट वेचून झाले?"

"वेचलेच नाहीत, मावशी. व्यापारी परदेशातून स्वस्त आणतो, आमच्या मालात वेचणाऱ्यांची मजुरीही सुटत नाही. तूच ये, हवे तेवढे ने."

"संत मार्टिनचा सण कुठे झालाय? त्याआधी गरिबांनी उरलंसुरलं वेचायला शिरायचं नाही, हा तुमचाच नियम."

"कसला नियम आता!"

"एकदा सणाच्या आदल्या दिवशी बागेत शिरले, तर तुझ्या बापाने सगळ्यांदेखत माझा चेस्टनटनी भरलेला एप्रन झटकायला लावला होता."

"तेव्हा मालाला भाव होता गं."

"आणि मला भूक होती."

"मग येतेस ना?"

"आता वाकवत नाही. रानडुकरांना सांग. ती सणासाठी थांबत नाहीत."