जावक क्रमांक एक्केचाळीस

...तर पुन्हा वाढला. पेट्रोलचा भाव हो, दुसरं काय वाढतंय आमच्याकडे? पंपावरचा शलमोन नळी टाकीत खुपसून म्हणतो कसा, "भाऊसाहेब, निम्म्याच्या वर कर हाय. रस्त्याला जातो त्यो." जातो म्हणे. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली मी. 'जातो' ऐकलं की मी विचारतो, पोचतो का? मी कुणाचं नाव घेत नाही. नुसता संशय.

आता कोल्हारच्या थांब्यापासून आमची वाडी दोन मैल. रस्ता कागदावर, एरवी खड्डेच. त्यात आमच्या सौ. पुष्पावतीबाईंचा मणका सरकला. स्कूटरवरून उतरल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "रस्ता होईल त्या दिवशी मागं बसेन. तोवर एकटे फिरा." दोन वर्षं झाली. बहीण कोल्हारात, ही वाडीत, मधे दोन मैल, आणि दोघी एकमेकींना पोस्टानं पत्रं लिहितात!

बरं, खडी नाही म्हणावं, तर आहे. दुष्काळात आमच्याच बायकांनी उन्हात बसून फोडली, वाडीच्या तोंडाशी ढीग घातला. साहेबांची तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी ढीग गायब. चार दिवसांनी पुढच्या गावात तपासणी, तिथं ढीग. मग त्याच्या पुढच्या गावात. आणि आमच्याकडे पुन्हा साहेब यायचे म्हटले, की आदल्या दिवशी ढीग हजर... माहेरपणाला आल्यासारखा. मी कुणाचं नाव घेत नाही. नुसता संशय.

म्हणून म्हटलं, खूण करू. ढिगात चांगला कलिंगडाएवढा एक धोंडा होता. आमची शेजारीण राहीबाई म्हणाली, "त्यो म्याच सोडला. हातोडा मोडला, पर त्यो न्हाई फुटला." शेंदूर लावावा, तर सकाळी त्याच्यापुढे उदबत्त्या. दाराचा निळा रंग उरला होता, तो घेतला, आणि हाताची सवय हो, धोंड्यावर घातलं काय? 'जावक क्रमांक ४१', तारीख, खाली आद्याक्षरी.

मग मी स्कूटरवर ढिगाच्या मागे. तीन गावं, तीन तपासण्या, तिन्ही ढिगांत एक्केचाळीस! म्हणजे बघा, ढीग शोधायला मी पेट्रोल जाळायचं, त्यावर कर भरायचा, आणि त्या करातून ढीग फिरवणाऱ्या ट्रकला डिझेल. कोण कुणाच्या मागे लागलंय, सांगा.

तिसऱ्या गावातून धोंडा पोत्यात घातला, घरी आणून पायरीशी ठेवला. पुरावा! वर अर्ज केला, चार प्रती.

चौकशीला आला ओव्हरसियर सूर्यभान. पोरगेलासा, पण गोड. चहा घेतला, धोंडा न्याहाळला.

"अण्णा, अक्षर कुणाचं?"

"माझं."

"खडी आमचीच?"

"तुमचीच. म्हणून तर अर्ज."

"आणि आता आहे कुठं?"

"माझ्या दारात. दिसत नाही?"

"दिसतंय ना," म्हणाला, आणि लिहून माझ्यापुढे कागद धरला. 'सदर रस्त्याची खडी रीतसर जावक क्रमांकासह अर्जदाराच्या दारापर्यंत पोचली असल्याची समक्ष खात्री केली. अर्जदाराची त्याबाबत तक्रार नाही.'

"तक्रार नाही?" मी म्हटलं.

"खडी दारात पोचल्याबद्दल तक्रार आहे तुमची?"

नाही म्हणजे... तशी नव्हती. दोनदा वाचलं. तुम्हाला सांगतो, एक शब्द खोटा नव्हता. एकतीस वर्षं मी असेच मसुदे करत आलो, इतका चांगला एकदाही जमला नाही. सही केली. काय करणार, हात थांबेना.

महिन्यानं उत्तर आलं. रस्ता पूर्ण, अर्ज निकाली. त्याच दिवशी पेट्रोल पुन्हा वाढलं, स्कूटर मी भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. बाईंनी ते पत्र चष्मा लावून सबंध वाचलं, बहिणीला कार्डानं कळवलं, "रस्ता झाला, आता तू ये." मग सुपात शेंगा घेऊन बाहेर गेल्या आणि त्या एक्केचाळीस नंबरावर बसून निवांत सोलायला लागल्या.

म्हटलं, "अहो, आत बसा. मणका धरेल."

मान वर न करता म्हणाल्या, "रस्ता झाला की बसेन म्हटलं होतं ना? बसले."