पानाला कुठं नखं असतात

— नाही नाही, आजारी कसली, काजलचं लग्न झालं मॅडम, मागच्या महिन्यात. म्हसावदला दिली. बसा ना खाटेवर, चहा टाकते — नको? बरं. स्थळ चालून आलं, माणसं चांगली, आम्ही म्हटलं उरकून टाकावं. कॉलेजला कळवायचं राहिलं. शहाद्याहून एवढ्या उन्हात आलात, पण ब्राह्मणपुरीत आता ती नाही. गुरुवारी प्रॅक्टिकल आहे का? बॉटनीचं? नाही बसली तर वर्ष जाईल — हो, कळलं, सातवी शिकलेय मी.

घाई? घाई कसली... घाईच झाली. तिच्या बॅगेत बाटली सापडली मला, नेलपॉलिशची. लाल-गुलाबी असती तर दोन रट्टे दिले असते अन् सोडून दिलं असतं — पण ती पाण्यासारखी, रंगच नाही! आता तुम्हीच सांगा, बिनरंगाचं नेलपॉलिश पोरगी कशाला ठेवेल? दिसू नये म्हणूनच ना? कोणासाठी तरी नटायचं, पण घरी कळू द्यायचं नाही — माझ्या डोक्यात तेच आलं. विचारलं, तर म्हणते, "माय, ते पानले लावतस. पानले बारीक बारीक तोंडं ऱ्हातस." मी म्हटलं, "पानले काय नखं ऱ्हातस का व?" — आणि दिली एक ठेवून. तिच्या पप्पांना मीच सांगितलं. त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. सोमवारपासून कॉलेज बंद, विसाव्या दिवशी हळद.

नका सांगू मॅडम, मला माहीत आहे. लावतात पानाला. खालच्या अंगाला लावायचं, वाळलं की चिकटपट्टीनं ओढून काढायचं, त्या बारीक तोंडांचा ठसा उतरतो त्यावर — खरंय ना? हळदीच्या दिवशी कपाट आवरत होते, पाहुण्यांच्या पिशव्यांना जागा पाहिजे होती, तर तिची ती जर्नल निघाली. इंग्रजी मला येत नाही, पण कसं करायचं त्याची चित्रं होती, ती कळली. वहीच्या एका पानावर चिकटपट्टी लावलेली, तिच्याखाली पातळ पापुद्रा, बाजूला पपईचं पान काढलेलं — आमच्या शेतातलं तसंच — आणि पेन्सिलीनं ती तोंडं. काही उघडी, काही मिटलेली. किती सुबक काढली होती! पट्टीची कड उचलून मी पापुद्रा नखानं खरवडून पाहिला. नेलपॉलिशच.

मग? मग काय. मांडवात दोनशे माणूस, बाया गाणी म्हणतायत, पोरगी पाटावर बसलेली, माझ्याकडे बघेना. जर्नल गादीखाली सारली आणि गेले हळद लावायला. तेव्हा बोलायला हवं होतं — माहीत आहे हो. नाही बोलले. रडूही आलं नाही, अजून येत नाही. भाकरी थापते, धुणं धुते, सगळं होतं, आत काही हलत नाही.

म्हसावदला चला म्हणता? मी? आणि व्याह्यांना काय सांगू — पोरीत काही खोट नव्हती, आम्हालाच वाटली? त्यांना त्यातलं काही ठाऊकच नाही. आम्ही सांगितलं, पोरीलाच पुढं शिकायचं नाही. आता म्हणतील, खोट कसली? काय लपवलं? खरं बोलायला जावं तर तिच्यावरच शेकेल. तुम्ही एकट्या गेलात तरी तेच, ते मलाच फोन करतील. फोन? लावते ना रोज. जेवलीस का विचारलं की "हो" म्हणते आणि सासूकडे देते.

तिचं आणलेलं ते हॉलतिकीट पर्समध्ये ठेवा. ठेवा आधी — गाडीचा आवाज आला, तिचे पप्पा आले.

काही नाही हो, ह्या बाई पत्ता चुकल्या. कोण्या काजलकडे आल्या होत्या कॉलेजातून — आपली नाही, दुसरी. तेच सांगत होते त्यांना. जा मॅडम, एसटी निघून जाईल.