टाळी न वाजवता निवडलेला एक्स्टेंडर

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या कारखान्यातल्या मंडळींनो,

आपले क्रेनदादा आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला मलाच का निवडलं, कोण जाणे! माझा हा वाकडा जबडा त्यांचीच कृपा. एका ठोशात मोडला. दुसऱ्या ठोशाला मी आडवा झालो, मग माझं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. चौघांनी त्यांना धरलं, म्हणून तुम्हाला हे भाषण ऐकावं लागतंय. हसा, हसा.

पण का मारलं, हे कुणी विचारलं का?

अकरा वर्षांपूर्वी क्रेनच्या केबिनमध्ये मोठा पडदा बसवला. खालच्या कॅमेऱ्याचं चित्र तिथवर पोहोचवणारा एक्स्टेंडर, म्हणजे एक छोटी पेटी, कारखान्याचा इंजिनिअर म्हणून मी निवडायचा होता. चित्र जसंच्या तसं पाठवणारा घेतला, तर नवी फायबर केबल ओढावी लागणार. चित्र आवळून पाठवणारा जुन्याच तारेवर चालणार. मी तोच घेतला. पडद्यावर बोल्टचे आटे मोजता येत होते हो! दादा म्हणाले, "साहेब, स्थिर चित्र काय बघताय? कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवून बघा." मी म्हणालो, "तुम्ही तुमची क्रेन सांभाळा."

टाळी वाजवली असती, तर चित्र आवळण्या-उलगडण्यात वेळ जातो आणि ते जवळजवळ सेकंदभर उशिरा येतंय, हे कळलं असतं.

नवव्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ खाली अडकलेली साखळी सोडवायला पुढे सरकला. पडद्यावर जागा मोकळीच होती. दादांनी आठ टनांचं पोलादी पत्र्याचं वेटोळं खाली सोडलं. तो ओरडलासुद्धा नाही. छातीखाली ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अध्यक्षमहोदय, वेळ संपल्याची चिठ्ठी दिसली. दोनच मिनिटं.

काम दोन दिवस बंद होतं. तेवढ्यात मी एकट्यानं फायबर ओढली आणि एक्स्टेंडर बदलला. चौकशीवाल्यांनी दादांच्या सांगण्यावरून टाळी वाजवली. टाळीचा आवाज आला त्याच क्षणी पडद्यावर हात जुळले. दादा खोटे ठरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना सगळं कळलं, आणि मग तो ठोसा आला. कारखान्याच्या अहवालात मी लिहिलं: चालकाचा निष्काळजीपणा, स्वभाव हिंसक. दादांची नोकरी कशीबशी टिकली, क्रेन मात्र गेली.

शेवटच्या रांगेतल्या वहिनी, अकरा वर्षं तुम्ही या मोठ्या दिरांचं तोंड पाहिलं नाहीत. तुमच्या नवऱ्याला त्यांनी मारलं नाही, मी मारलं. तसं लिहून, सही करून कागद आत्ताच अध्यक्षांपुढे ठेवतोय.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. बाकीचं घालू नका. आणि मंडळी, दादा उठून इकडे येतायत. आज कुणी त्यांना धरू नका.